कुलूप कुठे ठेवायचं

३ मार्च, सोम.
पाठीच्या ऑपरेशनला साडेचार महिने झाले. आज फिजिओ बाईंनी सायकलला परवानगी दिली. ऐकून माझ्याआधी स्वातीच हसली. अटी दोन. सावकाश चालवायची, आणि पाठीवर ओझं नाही. सॅक नाही, खांद्यावरून पट्टा नाही, कमरेला काही बांधणं नाही. "नॉट इव्हन वॉटर बॉटल, ओके?" ओके म्हटलं. या बाईंनी मला परत बूट घालायला शिकवलंय, त्यांच्याशी कसला वाद घालायचा.

घरी आल्यावर लक्षात आलं, सायकलचं कुलूप दीड किलोचं आहे. आजवर सुट्टीत घरी असलो की ते सॅकमध्ये असायचं. आता कुठे न्यायचं?

२८ तारखेला बोटीवर जायची मेडिकल. फिटचा शिक्का मिळाला तर मे महिन्यात पुन्हा सेकंड इंजिनिअर. नाही मिळाला तर... असो.

५ मार्च, बुध.
कुलूप हँडलला लटकवून गेलो. झुलतं, गुडघ्यावर आपटतं, आणि रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर खडखड. वीस वर्षं इंजिन रूममध्ये काढलेल्या माणसाला असा आवाज सोसवत नाही. सारखं वाटतं, थांबावं आणि कुठला नट ढिला झालाय ते बघावं.

पण गेलो. कालव्याच्या कडेने सहा किलोमीटर. परत येताना रडू आलं. सर्जनचे उपकार, फिजिओ बाईंचे उपकार, आणि स्वातीचे तर कुठे फेडू. तीन आठवडे माझ्या पायात मोजे तिने घातले, एकदाही कुरकुर न करता. (एकदा केली. मोजे धुतलेले नव्हते.)

८ मार्च, शनि.
सकाळी बाकावर तासभर बसून लोक कुलूप कसं नेतात ते पाहिलं. शिपयार्डचा कामगार, साखळी छातीवर तिरकी, जानव्यासारखी. शाळकरी मुलगी, वायरचं कुलूप गळ्यात. ऑफिसचा शर्ट घातलेला एक, यू-आकाराचं कुलूप पँटच्या मागच्या खिशात, पँट घसरत चाललेली. एकाने तर कुलूपच स्टँडला कायमचं लावून ठेवलंय, स्वतः मोकळा येतो नि जातो. हे सगळ्यात शहाणं, पण मला दहा ठिकाणी थांबायचं असतं.

घरी इराला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू वेरी फ्री आह?" तेरा वर्षांची कार्टी. तिचं बरोबर आहे म्हणा. तिच्या जन्मापासून सलग इतके दिवस मी पहिल्यांदाच घरी आहे.

११ मार्च, मंगळ.
तोडगा सापडला. बोट निघायच्या आधी सुटं सगळं बांधायचं असतं, तसं कुलूप सायकलच्या दांड्याला बांधलं. बारीक दोरी, आठ वेढे, मधून आडवे तीन, वर पक्की गाठ. हलवून पाहिलं, जराही हललं नाही. स्वा.ला खाली नेऊन दाखवलं. "छान," म्हणाली, भाजी बघायला सांगितल्यासारखं. इरा म्हणे, "इट्स अ लॉक, नॉट अ कंटेनर, लाह."

१२ मार्च, बुध.
फिजिओची वेळ दहाची. पावणेदहाला एमआरटी स्टेशनजवळच्या सायकल-स्टँडवर पोचलो. दोरी सुटेना. वाटेत पाऊस लागलेला, भिजून गाठ आवळली. दातांनी पाहिलं, किल्लीने पाहिलं. जवळ सुरी नाही. अपॉइंटमेंट चुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, म्हणजे मेडिकल झाल्यावर. घाम फुटला.

शेजारी एक चिनी आजी सायकल लावत होत्या, सत्तरीच्या पुढच्या असाव्यात. थोडा वेळ माझी झटापट पाहिली. मग म्हणाल्या, "यू गो. आय सिट हिअर." मी म्हटलं, पन्नास मिनिटं लागतील. "गो लाह, यू लेट ऑलरेडी."

परत आलो तर आजी तिथेच, बाकावर, वर्तमानपत्राने वारा घेत. त्यांच्या सायकलच्या बास्केटमध्ये बाजारातून घेतलेले मासे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गॉट आइस," म्हणाल्या. नाव विचारलं तर, "कॉल मी आंटी, कॅन ऑलरेडी." मग माशांची पिशवी उचलून खालचं स्वतःचं कुलूप दाखवलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. वाजत नाही, पडत नाही. "स्मेल अ बिट. थीफ ऑल्सो डोन्ट वॉन्ट."

स्वा. हसून हसून बेजार. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." घे बाई, आजचा दिवस तुझा.

१९ मार्च, बुध.
स्वा.ने आंटींसाठी बेसनाचे लाडू दिले. "टू स्वीट," म्हणत दोन खाल्ले, उरलेले बास्केटमध्ये ठेवले, माशांपासून लांब.

मी कोण, काय करतो, विचारलं. सांगितलं, बोटीवर असतो, सहा महिने जातो, बरा झालो की परत जाईन. आंटी म्हणाल्या, "यू वॉन्ट. युवर वाइफ वॉन्ट?"

सतरा वर्षांच्या संसारात हे विचारलेलंच नाही. प्रत्येक वेळी जायची तारीख सांगितली, तिने बॅग भरली. तिनेही कधी तक्रार केली नाही, आणि मी ते संमती म्हणून धरून चाललो.

२३ मार्च, रवि.
बास्केट बसवलं. इरा माझ्याबरोबर यायला तयार नाही, म्हणते आंटी बाइक. शेवटी आलीच, दहा पावलं मागे राहून. कालव्याजवळ थांबून नारळपाणी प्यालो. तिने शाळेतलं एका मैत्रिणीचं भांडण सांगितलं, पूर्ण, पहिल्यापासून. फोनवर हे कधी सांगितलं नव्हतं. फोनवर "ओके लाह, बाबा" एवढंच असायचं. मला इतकं बरं वाटलं की मी मधे एकही सल्ला दिला नाही.

कुलूप बास्केटमध्ये, टॉवेलात. आवाज नाही.

स्वा.ला विचारायचं ठरवलं होतं. ती पुरणाची डाळ निवडत होती, पुढच्या रविवारी पाडवा. समोर बसलो, थोडी डाळ निवडली, उठलो.

२८ मार्च, शुक्र.
सेम्बावांग स्टेशनवर सायकल लावून एमआरटीने तोआ पायोहला, मेडिकलसाठी. डॉक्टरांनी वाकवलं, उचलायला लावलं, एमआरआय पाहिला. "व्हेरी गुड रिकव्हरी." शिक्का. फिट फॉर सी सर्व्हिस. पाच महिने ज्याच्यासाठी पालथा पडून व्यायाम केले तो कागद हातात. ट्रेनमध्ये चार वेळा वाचला. ज्या ज्या माणसांमुळे तो मिळाला त्यांची नावं मनात मोजली. आनंद व्हायला हवा होता.

कंपनीला मंगळवारी कळवायचंय.

घरी आलो, कागद टेबलावर ठेवला. स्वा.ने वाचला, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं." मग स्टोअररूमचं दार उघडलं आणि स्टूल ओढलं. बोटीवरची मोठी बॅग तिथे वरच्या फळीवर असते.

"बॅग काढतोस? पाडव्याच्या गडबडीत राहून जाईल. ऊन दाखवायला हवं तिला."

मी म्हटलं, "आज नको. पाठ दुखतेय."

तिने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्टूल परत जागेवर ठेवलं आणि कुकर लावायला गेली. आत गेल्यावर ती गुणगुणत होती.

पाठ दुखत नव्हती.