द्रवाला धूळ चालत नाही

बाबा, तुमच्या भट्टीच्या धुराड्याला आता बाजूने एक जाड पाइप जोडलाय. धुरातला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ज्या वायूने सगळं जग तापत चाललंय तो, वर न सोडता एका द्रवात धरून ठेवायचा, असं ते यंत्र आहे. खोपोलीच्या ज्या पोलाद कारखान्यात तुम्ही जन्म काढलात, तिथेच त्याची चाचणी चालू आहे आणि ती तुमची मुलगी बघते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काय गं, धूर धरतेस? मंग आता वारा पन बांधून आण."

पहिल्याच आठवड्यात तो द्रव काळा पडला, कारण भट्टीची धूळ त्यात उतरत होती. साहेबांनी धावपळ करून धूळ अडवणाऱ्या कापडी गाळण्या नव्या बसवल्या, मोठा पंखा लावला, आणि भट्टीपाशी उभं राहून मला पहिल्यांदाच पलीकडची भिंत दिसली. तिथला जुना भट्टीवाला हसून म्हणाला, "ताई, त्या पान्याला धूळ चालत नाय. आमाला बरी चालली इतकी वर्सं." मला हसता आलं नाही. मागचे चार दिवस यंत्र दुरुस्तीला बंद आहे, म्हणून गाळण्याही बंद, आणि त्या माणसाचा खोकला पुन्हा सुरू झालाय. अगदी तुमच्यासारखा, आधी कोरडा, मग वाकवणारा. गाळण्या कायम चालू ठेवा म्हटलं, तर साहेब म्हणाले, "चाचणीत ते बसत नाही. पण तुम्ही लिहा, मी वर पाठवतो." माणूस वाईट नाही. त्याचेही हात कुठेतरी बांधलेले आहेत.

पाळी सुटताना तुम्हाला गुळाचा खडा मिळायचा, घशातली धूळ खाली जावी म्हणून. तो रुमालात बांधून तुम्ही शिळफाट्यावरून चालत घरी यायचा आणि मी ओट्यावर बसलेली असायची. आई चुलीपुढून ओरडते, "तुमचं औषध हाय ते, पोरीला काय देताय?" तुम्ही म्हणता, "मी खाल्ला गं वाटेत. ह्यो जास्तीचा हाय." गुळाने छातीतली धूळ निघत नाही, हे आता मी जाणते. तेव्हा मात्र घरात सगळेच त्याला औषध मानत होतो.

अहवाल उद्या द्यायचाय. शेवटचं वाक्य आत्ताच लिहिलं: यंत्र चालू असो वा नसो, भट्टीपाशी माणूस आहे तोवर गाळण्या बंद करू नयेत. ते वर जाईल. हे पत्र कुठेच जाणार नाही. आठवीत असताना मी तुमच्या पाळीतल्या एका काकांना विचारलं होतं, एका माणसाला किती खडे मिळतात. "एकच गं पोरी," ते म्हणाले. त्या संध्याकाळीही तुम्ही रुमाल सोडलात, बाबा, आणि मी हात पुढे केला.