सोफ्याची उजवी कड

प्रिय पिटुकले,

दोन मुलांची आई झालीस तरी मी तुला हेच म्हणणार. माझं लग्न झालं तेव्हा तू शाळेत होतीस आणि माझ्या नव्या साडीला शाईचा हात पुसला होतास, ते मी विसरलेले नाही. फोनवर तर बोलतोच, मग वहिनीला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. पण माझा फोन आला की तू स्वयंपाकघरात जातेस, दार लोटतेस आणि कुजबुजतेस. कुजबुजायच्या गोष्टी आता आपल्या बोलून झाल्या आहेत. हे पत्र गच्चीवर बसून वाच. आईंनी विचारलं तर वहिनीचं पत्र आहे म्हणून सांग. तेवढं तरी खरं सांगता येईल.

माझं बरं चाललं आहे. कपडे दुरुस्तीच्या दुकानात जाते, मशीन खिडकीपाशी आहे, उजेड चांगला येतो. मालकीणबाई कमी बोलतात आणि जे बोलतात त्यातलं निम्मं मला कळतं, म्हणून आमचं भांडण होत नाही. माणसं बारीक होऊन येतात, जाड होऊन येतात, मी शिवण उसवते आणि पुन्हा घालते. परवा एकानं बाह्या आखूड करायला कोट आणला. खांदे त्याच्या खांद्यांवरून खाली उतरले होते. कोट वडिलांचा असणार. मी बाह्या करून दिल्या. खांद्यांबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाते. तिथे एका कपाटात आपल्या भाषेतली पुस्तकं आहेत, घर हलवताना लोकांनी टाकून दिलेली. सगळी वाचून संपली. शेवटी कोंबडीपालनाचं एक राहिलं होतं, तेही वाचलं. शाळा लवकर सुटली माझी, त्यामुळे पुस्तक अर्धवट ठेवायची चैन मला जमत नाही. कोंबड्यांना खुराड्याची जागा बदललेली सोसत नाही, काही दिवस त्या खातच नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. मला ते पटलं.

मध्यंतरी तुझ्या दादाच्या कामावरच्या जोडीदाराचा फोन आला होता. तोच, ज्याच्याबरोबर दादा लिफ्ट दुरुस्तीला जायचा. म्हणाला, "वहिनी, घरापासून लांब राहणाऱ्यांशी बोलायला कंपनीनं एक बाई नेमल्यात. कामगारांच्या घरच्यांनाही चालतं. तुमच्या भाषेत बोलतात, पैसे पडत नाहीत." मी म्हटलं, मला काही वेड लागलेलं नाही. तर म्हणतो, "अहो, वेड लागल्यावर कशाला, तेव्हा तुम्ही कुणाचं ऐकणार आहात?" मला हसू आलं, म्हणून हो म्हटलं. समुपदेशक म्हणतात त्यांना. मोबाइलवरच दिसतात. मुलगी तिशीची असेल, जन्म इकडचाच. मराठी आजीकडून शिकलेली, त्यामुळे चेहरा तरुण आणि बोलणं माझ्यापेक्षा म्हातारं. मला काकू म्हणते.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल? फरशी पुसली, इस्त्रीची साडी नेसले, केस नीट बांधले आणि सोफ्यावर जाऊन बसले. तिनं कशा आहात विचारल्यावर तब्येत छान, काम छान, शेजार चांगला, घर उबदार, जेवण वेळेवर, असं धडाधड सांगून टाकलं. रविवारी आईंना सांगते अगदी तसंच. वर तिलाच विचारलं, तू जेवलीस का गं? तिनं सगळं ऐकून घेतलं. वेळ संपत आल्यावर म्हणाली, "काकू, तुमच्या शेजारी कुणी बसलंय का?" मी म्हटलं, नाही बाई, एकटीच तर आहे. "मग इतक्या कडेला का बसलात? तुमचा एक खांदा मला दिसतच नाहीये."

तुला आमचा सोफा माहीत आहे, निदान त्याची पाठ आणि मागची पिवळी भिंत. दादानं तेवढीच भिंत रंगवली होती, कारण फोनमध्ये तेवढीच दिसते. बाकीच्या तिन्ही भिंतींचे पोपडे तुम्ही कधी पाहिले नाहीत. रविवारी तो वर इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि खाली घरातला ढगळ लेंगा. तो डावीकडे, मी उजवीकडे, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. बोलणं रंगात आलं की त्याचा कामाचा फोन वाजायचा, कुठेतरी लिफ्ट अडकलेली असायची, आणि तो आहे त्या लेंग्यावरच दाराकडे पळायचा. मी ओरडायची, अहो, पँट! आणि आई तिकडून म्हणायच्या, "त्या देशात जिने बांधत नाहीत का गं?"

म्हणून तर आपल्याला नवीन काही रचावं लागलं नाही. आईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात तो कामावर गेला आणि डबा उघडून बसल्या जागी संपला. डॉक्टर म्हणाले, त्यांना धक्का सोसायचा नाही. तू म्हणालीस, वहिनी, आई जरा उठून बसू दे, मग सांगू. मीही हो म्हणाले. आई उठून बसल्या, चालायला लागल्या, आता जिना उतरून भाजीसुद्धा आणतात, पण ते "मग" काही आलं नाही. दर रविवारी मी उजव्या कडेला बसते आणि सांगते, लिफ्ट अडकलीये, आत्ताच गेले. त्याच्या बाजूला सोफा अजून दबलेला आहे. एरवीसुद्धा मी तिथे बसत नाही. चहा घेऊन बसले तरी उजवीकडेच.

तुझे हाल मला दिसत नाहीत असं समजू नकोस. तुझा सख्खा भाऊ गेला आणि तुला घरात मोठ्यानं रडता आलं नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडतेस, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि लगेच धुण्याचं बोलायला लागलीस. त्या मुलीनं एकदा विचारलं, "काकू, घरी जावंसं वाटत नाही का?" मी म्हटलं, वाटतं की. पण मी दारात उभी राहिले की आई माझ्या मागे बघणार. मला घरी यायचं तर आधी तो गेलेला असायला हवा. असं बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. तिनं ते वहीत टिपून घेतलं. मला रागच आला. म्हटलं, तू एवढी शिकलेली, सांग ना मी काय करू. तर म्हणते, "मी सांगितलं तर तो निर्णय माझा होईल, काकू. ओझं मात्र तुमच्याकडेच राहील." पोरगी चिवट आहे. तिनं सांगितलं नाही म्हणून इतके दिवस मीही काही केलं नाही.

आता गेल्या रविवारचं सांगते, जे तुला माहीत नाही. आपण बोलत होतो, दूध उतू जायला आलं म्हणून तू मोबाइल आईंच्या हातात देऊन आत पळालीस. त्यांनी तो नेहमीसारखा इतका जवळ धरला की मला नुसतं कपाळ दिसत होतं. हळूच म्हणाल्या, "मधे बस ना गं. अशी कडेला किती दिवस बसशील?" तेवढ्यात तुझी पावलं वाजली, तर लगेच मोठ्यानं, "काय गं, सुटली का त्याची लिफ्ट?" हे मला ऐकवायला नव्हतं, पिटुकले. ते तुझ्यासाठी होतं. त्यांना किती कळलं आहे आणि कधीपासून, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तू त्यांना जपतेस, मी तुम्हाला दोघींना जपते, आणि त्या म्हातारीनं आपल्या दोघींनाही पदराखाली घेतलं आहे, असं मला त्या दिवसापासून वाटतं आहे.

म्हणून हे पत्र. ते पोचेल त्यानंतरच्या रविवारी मी सोफ्याच्या मधोमध बसणार आहे आणि त्यांना सांगणार आहे. तुला काही बोलायचं नाही, मीच बोलेन. तू फक्त त्यांच्याजवळ बस, मोबाइल जरा लांब धर म्हणजे मला दोघींचे चेहरे दिसतील, आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना त्या सकाळी घरी थांबायला सांगून ठेव. तू घाबरशील, मीही घाबरलेच आहे. नको म्हणायला मला फोन करशील, म्हणून आधीच सांगते, मी ऐकणार नाही. दुकानात सुट्टी मागून ठेवली आहे. त्या बोलावतील तेव्हा मी निघेन, आणि माझ्या मागे कुणी नसेल. आणि रविवारी दूध आधीच तापवून ठेव. कुठेही उठून जायचं नाही, नळ सोडायचा नाही.

तुझीच,
वहिनी