गौरीचं जावळ अन् सासूचा कागद

वाटूर

लाडाची सुमन,

आज सगळ्यात आधी दारात कोण आलं असंल, सांग! तुझी सासू. तिच्या मागं तुझा नवरा, हातात पेढे. तुझ्या तेराव्याला गेले ते आपल्या दारात आज उगवले. हे तुला न्हाई तर कुणाला सांगू? म्हणून लिहून राह्यले.

माझी तर कळीच खुलली. जालन्याच्या कोर्टानं तुझ्या गौरीला माझ्यापाशी ठेवलं, बापानं खर्चा द्यायचा म्हणून सांगितलं, तवापासून तर त्यायनं कुठंच तोंड दाखवलं न्हवतं. म्हणलं, लेकराची आठवण तर आली!

"विहीणबाई, पोरीचं जावळ राह्यलंय," सासू म्हणली. "सातवं लागलं, देवी कोपंल. आठ दिवस नेतो अन् आणून सोडतो. कोर्टाला दाखवायला या कागदावर तेवढी सही द्या."

राह्यलंय तर खरंच. केस कमरेला लागलेत. विंचराया बसलं की आरडून गल्ली गोळा करती तुझी लेक! मीच विसरले, या लाजंनं कागद न वाचताच पेन धरला. माझ्या नावातलं ‘पार’ एवढं लिहून झाल्तं अन् मनात पाल चुकचुकली. जावळ तर मामाच्या मांडीवर काढतेत. गौरीचा मामा, आपला रमेश, तर एमआयडीसीत कामावर गेल्ता.

"मामाला सांगितलं का?"

"त्याला कशाला तरास?"

मामाबिगर जावळ कुठं ऐकलंस का गं?

तेवढ्यात गौरी आली. आजकाल दुकानाच्या पाट्या, मिठाच्या पुड्या, दिसंल ते मोठ्यानं वाचती. कागदावर बोट ठेवलं अन् सुरू. "मुलीचा... कायमचा... ताबा... वडिलांकडे..."

तुझ्या नवऱ्याच्या हातातला पेढा हातातच राह्यला!

"लेकरू हाय, चुकीचं वाचतंय," सासू म्हणली. चुकीचं? वर्गात बाई वाचाया सगळ्यात आधी तिलाच उभी करतेत! खरं सांगू? धसका मागून बसला. आधी आनंदच झाला, किती सरळ वाचती गं!

"द्या तो कागद इकडं, विहीणबाई."

"राहू द्या. आमच्या वकीलबाईला वाचाया देते." मी घडी घालून कमरेला खोवला.

तू म्हणायचीस, "आई, तू बिलकुल कुणावर इस्वास ठेवत न्हाईस." आज पेढ्याला भुलून ठेवला, तर बघ काय होत होतं!

तुला शबूद देते. जावळ होईल, पण आपल्याच अंगणात, रमेशच्या मांडीवर. लेकरू माझ्या नजरंआड जाणार न्हाई. त्या दोघायला तसंच तोंडावर सांगितलं. न्हावी घेऊन रविवारी येतो म्हणून गेलेत. वकीलबाईला मी रविवारचंच बोलावलंय.

तुझी आई,
पार्वती