छताला आलेला डाग

मुलुंड, बुधवार, ५ मार्च १९८६

आजचं गिऱ्हाईकही गेलं. हॉल झकास, गॅलरी झकास, आणि स्वयंपाकघरात त्या बाईंनी मान वर केली. छताचा डाग. ह्यांनी रविवारीच चुना मारला होता, तरी चहा सांडल्यासारखा पुन्हा उमटलाच. "वरच्यांची मोरी गळते का हो?" हे त्यांना पुन्हा गॅलरी दाखवायला घेऊन गेले.

तीन वर्षं गळतेय. वरचे सावंत ह्यांच्याच वाडीतले. सोसायटीत अर्ज टाका म्हणून मी कानीकपाळी ओरडले. हे म्हणायचे, "गाववाल्याविरुद्ध कागद कसा करायचा गं? गावात काय तोंड दाखवू?" मग मी तोंडीच सांगत राहिले, आणि दर गणपतीला वर मोदकही पोचवत राहिले. मूर्ख मी! ओलीने ह्यांचा दमा वाढला, म्हणून तर जागा विकायला काढली. दलाल म्हणतो, पडेल भावात द्या, नाहीतर भाड्याने लावा. त्या डागाखाली भाड्याने तरी कोण राहणार?

संध्याकाळी सावंत स्वतःच आले. चहा घेता घेता डागाकडे बघून म्हणाले, "वहिनी, अशी जागा कोण घेणार? अर्ध्या किमतीत मी घेतो ना." ह्यांचा चेहरा असा उजळला! गाववाला धावून आला म्हणे.

मी विचारलं, "आणि मोरीचं काय, भाऊजी?"

"त्यात काय! व्यवहार झाला की लगेच दुरुस्त करतो. मुलगा-सून राहणार ना खाली."