निळी गरम असताना

३ फेब्रुवारी

तीर्थरूप आत्यास, भाचीचा वाकून नमस्कार.

पोचले. किल्ली शेजारच्या वेल्डरकाकांकडेच होती. तुझं घर ठीक आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीचं एक तावदान तेवढं तडकलंय. फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे?" विचारलं, तर तू "कांदे महागलेत" म्हणालीस. तेव्हा पत्रच बरं.

चार दिवस हवापालट म्हणून आलेय. ह्यांना कामाचा व्याप आहे, म्हणून ते आले नाहीत.

दुपारी वेळ जाईना, म्हणून शेडमधल्या तुझ्या जुन्या गाडीवरची, आपल्या निळीवरची ताडपत्री काढली. नवी बॅटरी घातली, टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं, सेल्फ मारला. सुरू होणं राहिलं बाजूला, कार्ब्युरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळायला लागलं! वेल्डरकाका कुंपणावरून म्हणाले, "ताई, कार्ब्युरेटरचं काम आता कोण करतं? द्या भंगारात."

मला एवढा राग का यावा, कोण जाणे. "मी करते," म्हणून बसले. आता तूच सांग, काय करू? तीस वर्षं तू ही गाडी चालवलीस. तुला ऐकू येत नसलं तरी मला लिहिता येतं.

तुझी भाची


१९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र बॉनेटवर उघडं ठेवूनच काम केलं, त्यामुळे त्याला आता ग्रीसचा वास येतो.

तू म्हणालीस तसंच निघालं. कार्ब्युरेटरच्या वाटीत पितळी फ्लोट तरंगतो, पेट्रोल पुरेसं चढलं की तो सुईला वर ढकलतो, आणि सुई येणारी वाट बंद करते. त्या सुईच्या टोकाशी गंजाचा कण अडकला होता. तिळाएवढा! तो काढला, सगळी भोकं हवा मारून साफ केली, आणि निळी सुरू झाली. आत्या, मी शेडमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

पण एका लयीत चालेना. आवाज कसा येतो विचारलंस. भांडण उकरून काढणाऱ्या माणसासारखा: हुंकारत वर जायचा, मग आवंढा गिळून खाली. तू सांगितलंस तसे कार्ब्युरेटरच्या बुडाशी, सांध्यावर, तेलाचे थेंब सोडले. एका कोपऱ्यात थेंब पडला आणि आवाज क्षणात एकसारखा! तिथूनच चोरून हवा खात होती बया. सांध्यात बसवायचं नवं कागदी गॅस्केट मी स्वतः कापलं. शिवणाचं कटिंग शिकलेल्या बाईला काय अवघड आहे?

आता दुखणं एकच. थंड असताना एका किल्लीत उठते. पण काल टेकडीच्या चढावर नेली, वर जाऊन बंद केली, आणि मग मढ्यासारखी गप्प. पेट्रोलचा नुसता भपकारा. तासाभरानं निवली, तेव्हा कुठे हलली. आणखी एक: कार्ब्युरेटर ज्या बोल्टांवर बसतो, ते नटाच्या वर बोटभर उगाच निघालेत. असं का?

"चार दिवसांचे दहा झाले, जावईबापूंचं काय?" असं तू विचारलंयस. गॅस्केटचा कागद साध्या कात्रीनं कापता येतो, हे तुला ठाऊक होतं का?

तुझी भाची


१४ मार्च

आत्या, जिंकले!

बोल्ट लांब नव्हतेच, मधलं काहीतरी गायब होतं. तुला ती जाड काळी तबकडी आठवली म्हणून बरं. कुणा शहाण्यानं कधीतरी काढून फेकली असणार. तिच्यावाचून इंजिनाची धग थेट वर चढायची आणि वाटीतलं पेट्रोल उकळायचं. लेथवाल्याकडून तशीच तबकडी करून घेतली. बोल्ट बरोब्बर पुरले.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मी हवापालटाला आलेली नाही. घर सोडून आलेय.

नवऱ्यानं हात कधी उगारला नाही. पण मला तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यात कटरचं, कापड बेतून कापायचं काम मिळालं होतं. त्यानं मला न विचारता मालकाला फोन केला, "तिच्याच्यानं होणार नाही, ती येणार नाही." मला कळलं ते मालकाकडून. संध्याकाळी तो जेवायला बसला, जसं काही झालंच नाही. मी बॅग भरली.

माझं शिलाईमशीन तिथेच राहिलं होतं. फोनवर मागितलं, निळी घेऊन येते म्हणाले, तर हसला. "ये की घेऊन. येणार कशातून, त्या डबड्यातून?"

गेले. त्याच डबड्यातून, टेकडी ओलांडून.

फाटकात हाताची घडी घालून उभा होता. अख्खी गल्ली गच्च्यांवर आलेली. शेजारच्या वहिनींनी न सांगता मशीनचं एक टोक धरलं, आम्ही दोघींनी ते मागच्या सीटवर बसवलं. तेव्हा तो हळूच म्हणाला, "बंद केलंस ना इंजिन? जुनी गाडी आहे, गरम असताना सुरू नाही व्हायची. आत ये. चहा घे. गाडी निवेल, तूही निवशील."

वाईट बोलला नाही गं. तेच तर अवघड होतं.

मी आत बसले. तू लिहिलंस तसं अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल पंप न करता तळापर्यंत दाबून धरलं आणि सेल्फ मारला. घरघर. पुन्हा घरघर. वहिनींनी डोळे मिटले.  आणि मग निळीनं काळ्या धुराचा एक लोट सोडला, खाकरली, आणि अशी गरजली म्हणतेस! गच्चीवरून कुणीतरी शिट्टी मारली. वहिनी तर चक्क नाचल्या.

तो दोन पावलं मागे सरला. खिडकीशी वाकून एवढंच म्हणाला, "सावकाश जा."  तरी मी पहिला गिअर टाकला.

टेकडीवर मुद्दाम थांबले. इंजिन बंद केलं, वारा खाल्ला, पुन्हा सुरू केलं. नुसतं गंमत म्हणून! पुन्हा बंद, पुन्हा सुरू. वेल्डरकाकांना सांगितलं, तर त्यांनी त्यांच्या मेव्हण्याची जुनी गाडी दुरुस्तीला माझ्याकडे पाठवलीय. इथल्या कपड्याच्या कारखान्यातही मी स्वतःच जाऊन भेटले. सोमवारपासून कटर म्हणून रुजू.

तावदान बदलून घेतलंय. तुझी खोली मी घेतलीय, खिडकीखाली मशीन मांडलंय. हे विचारत नाहीये, कळवतेय. तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे.

मी परत जाणार नाही, आत्या. लिहून झालं, आणि अक्षर बघ, कुठेही हललेलं नाही.

तुझ्या घरातून, माझ्या घरातून,
तुझी भाची