तांदळात लिहिलेले नाव

सौ. भागीरथीस आशीर्वाद.

आपल्या श्रीधराने विलायतेतल्या गोऱ्या मुलीशी विवाह केला, हे माझ्या मनाला अजून मानवत नाही. तथापि दारी आलेल्या सुनेचा अवमान हा त्याहून मोठा दोष होय. "तुमचं शास्त्र दार अडवून बसायलंय," हे तुझे कालचे बोलणे मला लागले. माझी नाराजी तिला उंबरठ्यावरच दिसू नये, म्हणून पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनास जातो. दुपारी तू एकटीच दोघांना ओवाळून घरात घे. भाजीत तिखट बेताने घाल.

सुनेच्या नव्या नावाचे तांदळाचे ताट देवघरात ठेवले आहे. तीन दिवस पोथ्या चाळल्या. अखेर तांदळात 'डोरोथी' असेच लिहिले. तिच्या आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव पुसणारा मी कोण?

सायंकाळी परतेन. मुलांचा संसार सुखाचा होवो.