हाताने काढलेली रेघ

प्रिय आईस, थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. धाकटी अभ्यास करते ना?

परवा आमच्या हॉस्पिटलात गळ्याच्या कॅन्सरवर किरण घेणारे एक शिक्षक आले. मधल्या काळात ते फार वाळले, म्हणून नवा स्कॅन काढला. कॉम्प्युटर जुना स्कॅन, त्यावर अवयवांभोवती आखलेल्या रेघांसकट, ताणून-आवळून नव्यावर बसवतो. तो नीट बसलाय का, हे मी तपासते. पडद्यावर सगळं छान जुळलेलं दिसत होतं. पण आटलेल्या लाळग्रंथीची रेघ शेजारच्या स्नायूवर गेली होती आणि ग्रंथी किरणांच्या वाटेत आली होती.

डॉक्टर म्हणाले, "पेशंट टेबलावर आहेत."

"आज किरण नकोत, सर. मी रेघ हाताने काढते."

शिक्षक चिडून घरी गेले. काल पुन्हा आले आणि विचारलं, "थांबवून काय मिळवलंत?"

"थोडी लाळ वाचली, सर. घास गिळायला लागेल."

त्यांनी नुसता माझा हात दाबला.

आई, बाबा 'ठीक आहेत' एवढंच लिहू नकोस. किरण घेताना चेहऱ्यावर बसवतात तो मास्क त्यांना सैल होतोय का? होत असेल तर नवा स्कॅन मागून घे. भीड धरू नकोस. डॉक्टर रागावले, तर माझ्याशी फोनवर बोलायला सांग.

तुझीच,
थोरली